रामोसची अडवलेली किक आणि एका गुणाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसला लागून असलेल्या सें-दनी इथल्या स्ताद द फ्रान्सवर यजमान फ्रान्सचा रग्बी संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून २८–२९ असा हरला. त्या एका गुणावरून फ्रेंच प्रेक्षकांचा वाद आजही मिटलेला नाही. आपल्याकडे रग्बी पाहणारे थोडे, पण जून २०२५मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाल्यापासून मराठी प्रेक्षकही जुने सामने शोधून पाहू लागले आहेत आणि हाच वाद इथेही ऐकू येतो. त्याचा सूर ठरलेला असतो: पंचांनी फ्रान्सला हरवले. आमचे म्हणणे वेगळे आहे. हा सामना नीट समजून घ्यायचा तर २२व्या मिनिटानंतरची फ्रान्सच्या तोमा रामोसची एक कन्व्हर्जन किक (ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्यावर, जादा गुणांसाठी खांबांमधून मारायची किक) आधी पाहायला हवी. पंचांचा विषय त्यानंतरचा.

आधी गुणांची फोड, कारण २८–२९ या आकड्यात सामना दिसत नाही. ट्रायचे ५ गुण, ट्रायनंतरच्या कन्व्हर्जनचे २, पेनल्टी किकचे ३. फ्रान्सने तीन ट्राय केल्या: सिरिल बायच्या दोन, पेआतो मोवाकाची एक. त्यांपैकी दोन कन्व्हर्जन साधली आणि तोमा रामोसने तीन पेनल्टी मारल्या. १५, ४ आणि ९ मिळून २८. दक्षिण आफ्रिकेच्या चार ट्राय: अरेन्से, डी अलेन्डे, कोल्बी आणि एट्झेबेथ. तीन कन्व्हर्जन, एक पेनल्टी. २०, ६ आणि ३ मिळून २९. म्हणजे दोन्ही संघांचे एकेक कन्व्हर्जन वाया गेले. "रामोसचे ते दोन गुण मिळाले असते तर ३०–२९" असे म्हणणारे दक्षिण आफ्रिकेच्या मॅनी लिबॉकची डी अलेन्डेच्या ट्रायनंतर हुकलेली किक सोयीस्कर विसरतात. दोघांचेही दोन-दोन गुण परत दिले तर निकाल ३०–३१ होतो, फरक पुन्हा एकाचाच.

तरीही या दोन किका सारख्या नाहीत, आणि आमचा सगळा मुद्दा इथेच आहे. लिबॉकची किक नेम चुकल्यामुळे गेली. असे कोणाचेही होते. रामोसची किक समोरून धावत आलेल्या चेसलिन कोल्बीने हवेत उडी मारून अडवली. नेम चुकणे पूर्णपणे टाळता येत नाही. किक अडवली जाणे मात्र बहुतेक वेळा टाळता येते, आणि कसे ते प्रत्येक किकरला शिकवता येते.

नियम साधा आहे. कन्व्हर्जनच्या वेळी ज्यांच्यावर ट्राय झाली त्यांनी आपल्या गोलरेषेमागे उभे राहायचे. किकरने चेंडूकडे जायला सुरुवात केली की त्यांना धावत येऊन किक अडवायची मुभा आहे. पेनल्टी किकला ही मुभा नाही. तिथे हात खाली ठेवून स्तब्ध उभे राहावे लागते. सात जणांच्या रग्बीतही ती नाही. तिथे कन्व्हर्जन ड्रॉप किकने (चेंडू हातातून टाकून उसळताच मारून) घेतात आणि समोरचा संघ आपल्या दहा मीटर रेषेजवळ जाऊन उभा राहतो. अंधेरीत सेव्हन्स पाहिलेल्या प्रेक्षकाला कोल्बीची धाव नियमबाह्य वाटते ती यामुळेच.

कोणी वेळेआधी निघाला तर काय, हेही लक्षात घ्यावे. किक यशस्वी झाली तर गुण मिळतात. हुकली तर ती पुन्हा घ्यायला मिळते आणि त्या वेळी कोणालाही धावून येता येत नाही. म्हणून किकरने मध्येच थांबायचे नसते. समोरचा लवकर निघाल्याची शंका आली तरी लाथ पूर्ण मारायची. शिवाय चेंडूला हात लागूनही तो आडव्या दांड्यावरून गेला तर दोन गुण मिळतातच.

आता थोडे गणित. टीवरचा (छोट्या बैठकीवर ठेवलेला) चेंडू साधारण तीस अंशांच्या कोनात उठला असे धरू. तीन मीटर पुढे तो पावणेदोन मीटर उंचीवर असतो, पाच मीटर पुढे जवळजवळ तीन मीटरवर. हात उंचावून उडी मारणाऱ्याची पोच त्याच्या आसपास संपते. म्हणजे लाथ बसण्याच्या क्षणी बचावपटू चेंडूपासून पाच मीटरांच्या आत पोचलेला असेल तरच किक अडू शकते. कोल्बी उंचीने पावणेदोन मीटरही नाही, त्यामुळे त्याला आणखी जवळ यावे लागते. चेंडू गोलरेषेपासून २२ मीटरवर ठेवला असेल तर त्याला आधी १७ मीटर धावायचे आहेत. अव्वल वेगाच्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या खेळाडूला) उभ्या जागेवरून एवढ्याला साधारण अडीच सेकंद लागतात. चेंडू ३० मीटरवर असेल तर २५ मीटर, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या जवळपास. किकरच्या पहिल्या हालचालीपासून लाथ बसेपर्यंत दोन सेकंदांच्या आत काम होत असेल तर दोन्ही ठिकाणी कोल्बी उशिरा पोचतो. धोका किकर रेंगाळला, लयीसाठी जागच्या जागी डुलला किंवा खऱ्या धावेआधी एखादे छोटे पाऊल टाकले की सुरू होतो, कारण त्या पावलापासूनच समोरच्याचे घड्याळ चालू होते.

चेंडू मागे नेला तर कोन बिघडेल, अशी भीती किकरला असते. कडेच्या ट्रायसाठी ती खरी नाही. दोन खांबांमधले अंतर ५.६ मीटर. खांबांच्या मध्यापासून ३० मीटर बाजूला, म्हणजे जवळपास कोपऱ्यात ट्राय झाली असे धरा. गोलरेषेपासून १० मीटरवरून खांबांमधली फट सव्वातीन अंशांची दिसते. २२ मीटरवरून ती पाच अंशांच्या थोडी वर जाते आणि ३० मीटरवरून थोडी आणखी वाढते. तिथे ती सर्वांत मोठी असते. त्याहून मागे गेले की ती पुन्हा आकसू लागते. २२ वरून ३० वर जाण्याची किंमत एवढीच की किकचे अंतर ३७ मीटरांवरून ४२ वर जाते. आंतरराष्ट्रीय किकरला हे पाच मीटर जड नाहीत, आणि बदल्यात समोरच्याला जवळजवळ एक सेकंद जास्त धावावे लागते. खांबांसमोरच्या ट्रायला तर कोनाचा प्रश्नच नसतो. तिथे आळसाने चेंडू जवळ ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा.

त्या संध्याकाळी रामोसने चेंडू नेमका किती मीटरवर ठेवला होता यावर आम्ही वाद घालणार नाही. त्याची लय मात्र कोल्बीला अनोळखी नव्हती असे मानायला जागा आहे. कोल्बी २०१७ ते २०२१ तुलूझच्या संघात खेळला आणि रामोस त्याच संघाचा. इतकी वर्षे एका मैदानावर सराव करणाऱ्याला समोरच्याचा खांदा कधी हलतो, श्वास कधी सुटतो, पहिला पाय कोणता पडतो हे कळून जाते. कोल्बी लवकर निघाला होता, असे अनेक फ्रेंच प्रेक्षक चित्र थांबवून सांगतात. पण पंच बेन ओ'कीफ यांनी ती धाव ग्राह्य धरली, आणि किकरची पहिली हालचाल कोणती हे पूर्ण वेगात पाहून ठरवायचे तर संशयाचा फायदा धावणाऱ्याला जातोच.

याच नियमाचे पुढचे उदाहरण चार महिन्यांत मिळाले. १० फेब्रुवारी २०२४ रोजी ट्विकेनहॅमवर वेल्सविरुद्ध इंग्लंडच्या जॉर्ज फोर्डने कन्व्हर्जनच्या तयारीत बाजूला पाऊल टाकले आणि वेल्सचे खेळाडू सुटले. फोर्डच्या मते तो अजून तयारीच करत होता, पंचांच्या मते त्याची सुरुवात झालेली होती. दोन गुण गेले. इंग्लंड १६–१४ असे जिंकले म्हणून त्या प्रसंगाची चर्चा लवकर विरली. हरले असते तर आज तिथेही पंचांच्याच नावाने बोटे मोडली गेली असती.

म्हणून प्रशिक्षकांसाठी थोडे सविस्तर. मागे आणि बाजूला जाण्याची पावले संपली की किकरने पूर्ण स्थिर व्हावे. नंतरची पहिली हालचाल हीच धावेची सुरुवात असावी. हात झटकणे, टाचा उचलणे, झुलणे हे सगळे त्याआधी उरकावे. २०२३च्या स्पर्धेत ट्रायनंतर कन्व्हर्जनसाठी ९० सेकंद मिळत होते, त्यामुळे घाईचे कारण नव्हते. सरावात किकर बहुधा एकटाच मोकळ्या मैदानावर शंभर किका मारतो. त्यातल्या निदान दहा किकांना गोलरेषेवरून एक वेगवान खेळाडू सोडावा. समोरून पावलांचा आवाज येत असताना मान खाली ठेवून लाथ मारणे ही वेगळी सवय आहे, ती मोकळ्या मैदानावर लागत नाही. चेंडू ठेवताना किकरची नजर खांबांवर असते, म्हणून गोलरेषेवर कोण उभे आहे हे टी घेऊन येणाऱ्याने त्याला सांगावे. तिथे कोल्बी उभा असेल तर आणखी पाच पावले मागे.

आता पंचांकडे येऊ, कारण फ्रेंच प्रेक्षकांचे सगळेच म्हणणे उडवून लावणे अन्यायाचे होईल. कर्णधार आंत्वान द्युपाँ याने सामन्यानंतर पंचगिरी सामन्याच्या तोलाची नव्हती असे सुचवले. साखळी सामन्यात गालाचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया करून, डोक्याला टोपी बांधून परतलेल्या खेळाडूचा तो उद्वेग होता. सर्वांत मोठी तक्रार सुरुवातीच्या मिनिटांतली: फ्रान्सचे खेळाडू संख्येने जास्त असताना एबेन एट्झेबेथने पास हाताने पाडला. चेंडू हाताने मुद्दाम पुढे पाडला तर पेनल्टी, मागे गेला तर गुन्हाच नाही. पंचांनी तो पुढे गेला नाही असे ठरवले. इथे दुसरे मत असू शकते आणि आमच्यातही ते आहे. रकमधल्या (खाली पडलेल्या खेळाडूजवळच्या चेंडूसाठी होणाऱ्या झटापटीतल्या) तक्रारींचेही तसेच. बचावपटू पायांवर उभा होता का, त्याचे हात चेंडूआधी जमिनीला टेकले का, पडलेल्याला त्याने आधी सोडले का, हे सगळे पंचाला एका सेकंदात पाहायचे असते आणि प्रेक्षक ते चित्र थांबवून पाहतो. अशा निर्णयांची यादी दोन्ही बाजूंनी करता येते. त्या यादीतून २८–२९ सिद्ध होत नाही.

एट्झेबेथच्या पिवळ्या कार्डाचा विषय मात्र वेगळा. पहिले सत्र संपत असताना फ्रान्सच्या उइनी अटोनियोशी झालेल्या धडकेत त्याचे डोके लागले. पंचांनी पिवळे कार्ड देऊन (म्हणजे दहा मिनिटे बाहेर काढून) प्रकरण पुनरावलोकन अधिकाऱ्याकडे पाठवले. ते लाल होऊ शकले असते, पण पिवळेच राहिले. लाल झाले असते तर तो परत आलाच नसता आणि ६७व्या मिनिटाची निर्णायक ट्रायही त्याच्या नावावर लागली नसती, हे उघड आहे. पण त्या दहा मिनिटांचे फ्रान्सने काय केले, हेही विचारायला हवे. मध्यंतराच्या तोंडावर रामोसने पेनल्टीवर २२–१९ केले. दुसरे सत्र सुरू झाल्यावर एट्झेबेथ बाहेर असेपर्यंत फ्रान्सच्या खात्यात भर पडली नाही. पुढचे तीन गुण ५४व्या मिनिटाला आले. एट्झेबेथसारखा दुसऱ्या फळीतला लॉक बाहेर असताना समोरच्या स्क्रममधला (दोन्ही संघ भिडून ढकलतात त्यातला) जोर घटतो आणि लाइनआउटमधला (बाहेर गेलेला चेंडू आत फेकताना लागणाऱ्या रांगेतला) मुख्य उंच खेळाडू जातो. अशा वेळी पेनल्टी मिळाली की चेंडू कोपऱ्यात मारायचा, लाइनआउट जिंकायचा आणि मॉल करून (चेंडू धरलेल्याला उभ्यानेच घेरून) पुढे रेटायचे, हा सर्वांत सरळ मार्ग. समोरचा संघ वेळ काढणार हे गृहीत धरून चेंडू आपल्याकडे ठेवायचा असतो. त्या सत्रात हा दबाव पुरेसा दिसला नाही.

दक्षिण आफ्रिकेने त्याच सुमारास उलट केले. सामना हाताबाहेर जाण्याआधी, दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच, त्यांनी दोन्ही हाफ (खेळाची सूत्रे हलवणारे स्क्रम-हाफ आणि फ्लाय-हाफ) बदलले: राइनाखच्या जागी डी क्लर्क, लिबॉकच्या जागी पोलार्ड. पोलार्डने एट्झेबेथच्या ट्रायचे कन्व्हर्जन केले आणि लगेच एक पेनल्टी मारली. दोन किका, पाच गुण. १९–२५ असा पिछाडीवरचा संघ काही मिनिटांत २९–२५ असा पुढे गेला. रामोसने ७२व्या मिनिटाच्या सुमारास ते २८वर आणले. उरलेल्या आठ मिनिटांत फ्रान्सला आणखी एकही गुण मिळाला नाही.

पहिल्या सत्रातल्या उंच किकांबद्दल थोडक्यात. स्क्रम-हाफने रकमागून उंच मारलेला चेंडू सुमारे चार सेकंद हवेत राहतो, तेवढ्यात पाठलाग करणारे खाली पोचतात. झेलणाऱ्याने धावत येऊन, उडी मारून, चेंडू डोक्यावर घ्यायचा असतो. जागेवर उभा राहणारा हरतो. फ्रान्सचे खेळाडू अशा चेंडूंखाली पुन्हा पुन्हा गडबडले आणि अरेन्सेची पहिली ट्राय अशाच सुटलेल्या चेंडूवर आली. मधल्या फळीने पाठलाग करणाऱ्यांची वाट नियमात राहून अरुंद करायची असते, तेही जमले नाही.

या सामन्यातला एक प्रसंग नियमपुस्तकाच्या बाजूने महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या डॅमियन विलेम्सेने आपल्या २२ मीटर भागात चेंडू झेलून 'मार्क' मागितला आणि मिळालेल्या फ्री किकवर लाथ मारण्याऐवजी स्क्रम घेतला. इतक्या आत स्क्रम मागणे म्हणजे आमच्या पुढच्या फळीवर आमचा विश्वास आहे, असे समोरच्याला तोंडावर सांगणे होते. तेव्हा ते नियमात बसत होते. १ जुलै २०२४पासून फ्री किकवर स्क्रम घेता येत नाही. चेंडू टॅप करायचा (पायाने हलका स्पर्श करून खेळ सुरू करायचा) किंवा मारायचा. जुना सामना आज पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर पंचांनी इथेही चूक केली असे त्याला वाटेल.

फ्रेंच प्रेक्षकांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या सामन्याच्या बरोबर बारा वर्षे आधी, १५ ऑक्टोबर २०११ रोजी, ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेल्स फ्रान्सकडून ८–९ असा हरला होता. वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन पहिल्या वीस मिनिटांतच लाल कार्डावर गेला आणि तो निर्णय वेल्सला आजही सलतो. पण त्याच सामन्यात माइक फिलिप्सच्या ट्रायनंतर स्टीफन जोन्सचे कन्व्हर्जन खांबाला लागून बाहेर गेले आणि शेवटच्या मिनिटांत ली हाफपेनीची लांबची पेनल्टी थोडक्यात आखूड पडली. आठवड्याने अंतिम सामन्यात फ्रान्स न्यूझीलंडकडून ७–८ असा हरला. पिरी वीपूच्या तीन किका चुकूनही न्यूझीलंड जिंकले, कारण स्टीफन डोनाल्डची एक पेनल्टी लागली आणि फ्रान्सच्या त्राँ-दुकची पेनल्टी बाहेर गेली.

दक्षिण आफ्रिकेने २०२३चा चषक अशाच कडेवरून चालत घेतला. फ्रान्सनंतर इंग्लंडला १६–१५, मग २८ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२–११. त्या अंतिम सामन्यात बोडन बॅरेटच्या ट्रायनंतर मोउंगाचे कन्व्हर्जन हुकले, पुढे जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी हुकली, आणि तिथेही प्रेक्षकांची सगळी चर्चा सॅम केनच्या लाल कार्डाभोवती फिरत राहिली. सलग तीन सामन्यांत तीन गुणांच्या एकूण फरकावर जगज्जेतेपद मिळाले, तरी तिन्ही वेळा किकांचा हिशेब मागे पडला.

म्हणून संपादक महाशय, आपल्याला एक विनंती. रग्बीची बातमी देताना नुसते २८–२९ छापू नये. गुणांना सरसकट 'गोल' म्हणण्याचेही टाळावे. निकालाखाली दोन ओळी पुरतात: ट्राय कोणाच्या आणि कितव्या मिनिटाला, कन्व्हर्जन किती घेतली आणि किती साधली, पेनल्टी कोणी मारल्या, पिवळे-लाल कार्ड कोणाला आणि कधी. हुकलेली आणि अडवलेली किक वेगळी दाखवावी. २०२७चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्यात पहिल्यांदाच २४ संघ असतील. क्रिकेटच्या धावफलकात वाइड आणि नो-बॉल वेगळे छापण्याची आपली परंपरा जुनी आहे. तेवढीच जागा इथेही लागेल.

आपले,
रग्बीचे काही जुने प्रेक्षक व प्रशिक्षक, मुंबई